दुमजली घराची वीजजोडणी

रंगनाथ सरांचा या जगात एकाच गोष्टीवर ठाम विश्वास होता: समोरचा माणूस काहीतरी लपवतोय.

हा विश्वास त्यांना नोकरीने दिला. देवळाली प्रवरात एका माध्यमिक शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली अठरा वर्षं दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात काढली. मोज्यातून, कंपासपेटीच्या तळातून, एकदा तर हात मोडलेल्या मुलाच्या प्लास्टरमधून त्यांनी चिठ्ठ्या बाहेर काढल्या होत्या. अशा माणसाने निवृत्त झाल्याबरोबर भोळं व्हावं ही अपेक्षाच चूक. दूधवाला म्हणाला, "सर, आज दूध एक नंबर घट्ट हाय," तर सर विचारत, "आज? म्हणजे रोज काय असतं?" दूधवाल्याने पुढे बोलणंच सोडलं. मग तो बोलत का नाही, याची सरांना शंका यायला लागली.

तर अशा या घरात एक बाहुलीघर आलं.

सरांची मुलगी मोनिका श्रीगोंद्याला दिलेली. जावई साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. मोनिकाने आपल्या सुकन्यासाठी बाहुलीघराचा लाकडी संच मागवला खरा, पण उसाच्या हंगामात त्या घरात कुणाला श्वास घ्यायला सवड नव्हती, जोडणार कोण? म्हणून खोकं आजीकडे, म्हणजे जयाबाईंकडे आलं. खोकं उघडताच सरांनी जाहीर केलं, "यात तुकडे कमी असणार." त्यांनी ते तीन वेळा मोजले. दोनशे चौदा. खोक्यावरही दोनशे चौदाच लिहिलेले. सर दिवसभर जरा खट्टूच होते.

जयाबाईंनी मात्र थंडीचे तीन महिने त्या खोक्यात घातले. दोन फूट उंचीचं दुमजली घर उभं राहिलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये बाथरूम. पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी उघडायची. हॉलच्या भिंतींना मोनिकाच्या लग्नातल्या शालूचा उरलेला तुकडा, वरच्या खोल्यांना जुन्या इरकलीचा. फरशा नेलपॉलिशने रंगवलेल्या, एक लाल, एक पांढरी. सरांचं खरं घर बांधलं तेव्हा भिंतींचा रंग सरांनीच ठरवला होता, कारण रंगारी जयाबाईंना फसवील अशी त्यांना खात्री होती. सगळं घर एकाच रंगात निघालं, आणि तो रंग शाळेच्या वऱ्हांड्यात असतो तो. जयाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात भिंतींचा रंग त्यांनी पहिल्यांदा ठरवला तो या दोन फुटी घरात.

घर पुरं झालं आणि सुकन्याने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. खूप वेळ डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, यांच्याकडे लाईट का नाही? अंधार पडल्यावर हे लोक काय करतात?"

"अगं, आता सगळं चिकटवून झालं," जयाबाई म्हणाल्या. "आधी सांगितलं असतंस तर..."

इथे खरं तर विषय संपला होता. पण सर मागे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. "त्यात काय! विजेचा साधा परिपथ. मी आठवीच्या पोरांना एका तासात शिकवतो. तुझ्या वाढदिवसाला घर उजळलेलं पाहशील."

वाढदिवस सोळा दिवसांवर होता.

फोन बंद झाल्यावर जयाबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, लाईट लावा, पण माझ्या घराला भोक पाडायचं नाही."

सर हसले. त्यांनी तेहतीस वर्षं फळ्यावर विजेचे परिपथ काढले होते आणि ते सगळे पेटले होते, कारण खडूने काढलेला दिवा विझत नाही. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात एकही तार सोललेली नव्हती. प्रयोगशाळेत ते काम शिपाई करायचा. पण ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि त्यांच्याही ती फारशी ध्यानात नव्हती.

पहिला सल्ला भिंतीपलीकडून आला. शेजारी कानिफनाथ मूळचे तिसगावचे. वीजखात्यात लाइनमन म्हणून राहिले आणि खांबावरून उतरले ते थेट निवृत्त होऊन. सर अंगणात बाहुलीघर फूटपट्टीने मोजत होते, तर कंपाउंडवरून कानिफनाथांचं डोकं वर आलं.

"काय मास्तर, लाईट टाकताय व्हय घरात? लई सोपं हाय. मोबाईलचा जुना चार्जर घ्या, बारीक बल्ब घ्या, जोडून टाका. काय हुत न्हाई."

"काय होत नाही" हे शब्द सरांना खटकले. काही होत नसेल तर ते सांगायचं कशाला? शिवाय या माणसाला आपण काय करतोय ते कळलं कसं? (सर अंगणाच्या मधोमध, सकाळी अकरा वाजता, बाहुलीघर टेबलावर ठेवून बसले होते. पण तो मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.)

"बघू," सर म्हणाले.

"मी येऊ का जोडायला?"

"नको."

हा माणूस फुकट मदत का करतोय? दोन वर्षांपूर्वी कंपाउंडची भिंत घातली तेव्हा ती सरांच्या बाजूला चार बोटं सरकली असा सरांचा पक्का समज होता. त्यांनी ती सात वेळा मोजली होती. सातही वेळा ती बरोबर निघाली, त्यावरून टेपमध्ये गडबड आहे असं त्यांनी ठरवलं. टेप कानिफनाथांचा होता.

सर बाजारपेठेत गेले. विजेच्या सामानाचं दुकान छगनचं. आणि छगन म्हणजे मोज्यातून चिठ्ठी निघालेला तो. सरांनी पायरीवरच त्याला ओळखलं. छगनने त्यांना त्याहून आधी ओळखलं आणि स्टूल पुढे केलं.

"या सर! चहा सांगू?"

"नको. दिवे दाखव. बारीक."

छगनने मोहरीएवढे पांढरे दिवे काउंटरवर ठेवले, प्रत्येकाला केसासारख्या दोन तारा. "घेऊन जा सर, गॅरंटी आहे."

सरांनी ते घरी आणले, बॅटरीला लावले. एकही पेटला नाही. सर म्हणजे जवळजवळ खूशच झाले. वीस वर्षांनी या पोराने सूड घेतला होता! ते तडक दुकानात परत गेले. छगनने दिवा हातात घेतला, काउंटरवरच्या छोट्या सेलला तारा उलट धरल्या, दिवा लख्ख पेटला.

"सर, याला पॉझिटिव्ह निगेटिव्ह बघावं लागतं. उलटा लावला की पेटत नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली नाहीत, पण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघत होतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी दिवे सुलट लावले, तेही नव्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला. पहिला दिवा असा तेजस्वी पेटला की सरांना स्वतःचा अभिमान वाटला. अर्ध्या सेकंदाने फट् आवाज झाला आणि जळका वास आला. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच गेला. पाचवा लावण्याआधी सर थबकले. चार दिवे एका पाठोपाठ एक? हा योगायोग असूच शकत नाही. ते पुन्हा दुकानात.

छगनने डब्यातून एक छोटीशी, रंगीत पट्ट्या असलेली वस्तू काढली. "मध्ये रेझिस्टन्स लावला का सर?"

सरांनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली.

"तुम्हीच शिकवलं होतं. विद्युतरोध. त्या दिवशी चिठ्ठीवर मी तेच लिहून आणलं होतं, म्हणून तेवढं पक्कं लक्षात राहिलं बघा."

तो खरंच आदराने बोलत होता, हीच अडचण. टोमणा असता तर सरांना कळला असता. आदराचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी तो रेझिस्टन्स न घेताच घर गाठलं आणि रस्ताभर विचार केला, हा मला का खूश करतोय?

आता उरले अकरा दिवस. कुणावर विसंबायचं नाही, थेट सरकारी कार्यालयाचं लेखी उत्तर घ्यायचं, असं सरांनी ठरवलं. चार्जर सुरक्षित की बॅटरी, हे वीज कार्यालयाने कागदावर द्यावं. ते अर्ज लिहायला बसले. "बाहुलीघर" हा शब्द लिहिताना पेन अडलं. सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षकाने शासकीय अर्जात बाहुलीचा उल्लेख करावा हे बरं दिसेना. मग त्यांनी लिहिलं:

"विषय: नवीन दुमजली घरास विद्यमान घरातून वीजजोडणी घेणेबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत."

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला. त्यावर जिल्हा अहमदनगर लिहिला होता. आता अहिल्यानगर लिहायचं. सरांनी खोडून लिहिलं. खाडाखोड चालत नाही. सरांनी नवीन अर्ज लिहिला. नवीन घराचा कागद जोडलेला नाही. सरांनी खऱ्या घराच्या घरपट्टीची पावती जोडली. नवीन घराचं क्षेत्रफळ? सरांनी थोडा विचार करून लिहिलं, "अल्प." बाईंनी शिक्का मारला. शिक्का अस्सल आहे ना हे सरांनी कागद उजेडात धरून पाहिलं आणि ते समाधानाने घरी आले. उत्तर येईपर्यंत तारांचं काम उरकून घ्यावं, असा त्यांचा बेत होता.

तारा वर न्यायच्या तर वाट हवी. भिंतीला साडी, जमिनीला फरशी, आणि सगळं फेविकॉलने घट्ट. भोक न पाडता हे होणार नाही, हे सरांना पहिल्या तासात कळलं. जयाबाई भिशीला गेल्या होत्या. सरांनी दाभण गॅसवर लालबुंद केलं आणि वरच्या बाथरूमच्या फरशीत खुपसलं. अगदी बारीक, कुणाच्या डोळ्यांत न येणारं भोक, एवढाच त्यांचा हेतू होता.

नेलपॉलिश पेट घेतं, हे विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही.

निळसर ज्वाळ उठली. सरांनी फुंकर मारली, ती आणखी पसरली. शेवटी त्यांनी टॉवेल टाकला. टॉवेल काढला तेव्हा बाथरूममध्ये रुपयाएवढं काळं भोक होतं आणि त्यातून खालच्या हॉलमधला सोफा दिसत होता. सोफ्यालाही चटका बसला होता. मग त्यांनी शेजारच्या खोलीतली इवलीशी कॉट उचलली आणि भोकावर ठेवली.

जयाबाई आल्या. नाक वर करून म्हणाल्या, "कसला वास येतोय?"

"शेजारून येतोय," सर म्हणाले. "कानिफनाथ काहीतरी जाळत असतात."

पुढच्या चार दिवसांत दोघांचं बाहुलीघराच्या आसपास जाणंयेणं वाढलं. जयाबाई आत डोकावू लागल्या की सर काहीतरी विचारून त्यांना स्वयंपाकघरात पाठवायचे. शेवटी शेवटी तर दिवसातून चार चार वेळा चहा मागितला. जयाबाई चहा करून आणत आणि सरांकडे बघत राहत. चौतीस वर्षांत त्या घरात शंका घेण्याचं काम फक्त सरांकडे होतं. आता ते वाटून घेतलं जात होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली.

तिघे जण उतरले. पुढचा तरुण कनिष्ठ अभियंता, नाव अंगद, हातात फाईल. "रंगनाथ सर आपणच? आपण नवीन दुमजली घर बांधून जुन्या मीटरवरून परस्पर वीज नेताय, अशी माहिती आमच्याकडे आली आहे. घर दाखवा."

अठरा वर्षं त्यांनी बेंचापाशी उभं राहून "दाखव" म्हटलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना तेच म्हणत होतं, आणि कॉलनीतल्या चार दारांत माणसं उभी होती.

"कुणी दिली माहिती?" त्यांनी विचारलं.

"ते फाईलमध्ये आहे. आधी घर दाखवा."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कानिफनाथ कढीपत्त्याला पाणी घालत होते. सरांना सगळं कळलं. वीजखात्यातला माणूस! ओळखीपाळखी! फुकट मदत! ते भिंतीपाशी गेले आणि त्यांचा वर्गातला आवाज लागला.

"कानिफनाथ! समोर येऊन बोलायची हिंमत नव्हती का? मागून अर्ज करता? चार बोटं जागा घेतली ती पुरली नाही का?"

कानिफनाथांच्या हातातला पाइप तसाच राहिला. पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं. "म्या? म्या काय केलं?"

आतून त्यांची बायको झुंबरबाई बाहेर आली. "ओ मास्तर, तोंड सांभाळा! आमच्या मानसानं जन्मात कुणाची चुगली केली न्हाई. ह्या रोडवर कुणाची बी लाईट गेली तर आजून उठून जातंय त्ये, आन् तुमी त्येला आसं बोलता?"

"मग ही जीप कशी आली?"

अंगदला काय चाललंय ते समजेना. त्याने भांडण मिटावं म्हणून फाईल उघडली आणि कागद मोठ्याने वाचला. "सेवेशी सादर. विषय: नवीन दुमजली घरास विद्यमान घरातून वीजजोडणी घेणेबाबत... आपला विश्वासू, रंगनाथ..." तो थांबला. "सर, अर्ज तुमचाच आहे."

कानिफनाथांनी नळ बंद केला, पाइप गुंडाळून खुंटीला लावला आणि आत गेले. दार त्यांनी आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते हळू लावलं.

तिघांना आत न्यावं लागलं. हॉलमध्ये टेबलावर घर होतं. अंगदने वाकून पाहिलं, पुढचं दार उघडलं, बॅटरी पाहिली, जळलेले चार दिवे पाहिले. तो हसला नाही, हे त्याच्या आईवडिलांचे संस्कार. फाईलवर त्याने लिहिलं, "स्थळपाहणी केली असता सदर दुमजली घराची उंची अंदाजे दोन फूट असल्याचे आढळून आले. मीटरची आवश्यकता नाही." सरांना त्यावर सही करावी लागली. अठरा वर्षांत सह्या घ्यायची सवय झालेली, त्यामुळे ते आधी चुकून अधिकाऱ्याच्या रकान्यातच सही करणार होते.

जीप गेली. जयाबाई बाहुलीघरापाशी उभ्या होत्या.

"बाथरूममध्ये कॉट का आहे?" त्यांनी विचारलं.

सरांनी उत्तराचा शोध घेतला. तो लागायच्या आत जयाबाईंनी दोन बोटांनी कॉट उचलली. खाली भोक होतं. त्यांनी भोकाला डोळा लावला, सोफा पाहिला, कॉट जिथली तिथे शेजारच्या खोलीत ठेवली.

"त्या दिवशीचा वास कानिफनाथ भाऊजींकडून आला म्हणालात," त्या म्हणाल्या. "तोही त्यांच्यावरच घातलात."

सरांना वाटलं होतं त्या भोकाबद्दल बोलतील. त्याची त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. याचं नव्हतं.

"त्यांना घेऊन या," जयाबाई म्हणाल्या. "तोवर चहा मिळणार नाही."

सर संध्याकाळपर्यंत चहाशिवाय राहिले. साडेपाचला त्यांनी चप्पल घातली आणि दोन घरांमधलं वीस पावलांचं अंतर सात मिनिटांत कापलं. कानिफनाथ ओट्यावर बसले होते. झुंबरबाईने सरांना पाहून शेंगा सोलायचं थांबवलं आणि परात उचलून आत गेली.

"मी आलोय," सर म्हणाले.

"दिसतंय की."

"ते सकाळचं..." सरांनी ओट्याखाली चप्पल सरळ लावली. तेहतीस वर्षांत हजारो मुलांनी त्यांची माफी मागितली होती आणि ती कशी मागतात याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. "अर्ज माझाच होता."

"म्हाईत हाय. सगळ्या कॉलनीनं ऐकलं."

"तुमचा काही संबंध नव्हता."

"त्ये बी म्हाईत हाय."

"मग मी काय सांगू?"

कानिफनाथांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, एक इचारू? दोन वर्सं झाली. तुमी माझ्याकडं बघता, तवा मला वाटतं माझ्या खिशात कायतरी हाय. आन् मी खिसा चाचपून बघतो. माझ्याच घरात बसून. हे काय बरं हाय का?"

"चूक झाली," सर म्हणाले. आवाज एवढा लहान निघाला की तो आपलाच का, अशी त्यांना शंका आली.

कानिफनाथ उठले आणि आत जाऊन कटर आणि सोल्डरची पेटी घेऊन आले. "चला. पोरीचं काम हाय, तुमचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. सर आधी जाऊन छगनकडून रेझिस्टन्स घेऊन आले. त्याने किती लागतील हे विचारून एक जास्तच बांधला आणि सरांनी पहिल्यांदाच पुडी न उघडता खिशात टाकली. रस्त्यात ती उघडून मोजली, पण दुकानात नाही.

कानिफनाथांची बोटं खांबावर चढून चढून सुपारीच्या जाडीची झालेली. ती खिडकीतून आत जाईनात. मग जयाबाईंनी गोधडीची लांब सुई आणली, नेढ्यात तार ओवली आणि साडीच्या कापडामागून, भिंतीच्या कोपऱ्याने, सरसर वर नेली. एकही टाका दिसला नाही. कानिफनाथ बघत राहिले. "वहिनी, तुमी आमच्या खात्यात पायजे हुत्या."

जळलेल्या भोकातून जयाबाईंनी मुख्य तार वर घेतली आणि त्याच भोकाला खालून मण्यांचं एक झुंबर टांगलं. खाली हॉलमध्ये ते लोंबायला लागलं तेव्हा ते भोक मुद्दामच पाडलंय असं वाटलं. कानिफनाथांनी सांधे सोल्डरने पक्के केले. प्रत्येक दिवा स्वतंत्र, एक गेला तरी बाकीचे राहावेत असा.

"समांतर जोडणी," सर म्हणाले.

"आमी त्येला नुसती जोडनी म्हनतो," कानिफनाथ म्हणाले. "टॉर्च जरा इकडं धरा."

सरांनी चार तास टॉर्च धरली. एवढंच काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांना जमत होतं. तरी मधूनच, कानिफनाथ आपल्या पिशवीत काही ठेवायला वाकले की उजेड आपसूक त्यांच्या पिशवीकडे वळायचा. कानिफनाथ न बघता म्हणायचे, "मास्तर. घरावर."

शनिवारी, वाढदिवसाला, सुकन्या आली. पडदे ओढले. मोनिका, जयाबाई, कानिफनाथ, झुंबरबाई, सगळे टेबलाभोवती. कानिफनाथांनी बाहुलीघराच्या मागे बसवलेलं बारीक बटण सुकन्याच्या बोटाखाली दिलं.

टक्. हॉल, बाथरूम, वरच्या खोल्या, सगळं एकदम उजळलं. शालूची जर चमकली. सोफ्याचा चटका झुंबराच्या सावलीत कुठल्या कुठे गेला. सुकन्या ओरडली नाही. ती टेबलाला हनुवटी लावून खिडकीतून आत बघत राहिली आणि कुजबुजली, "आता यांना भीती नाही वाटणार."

जयाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि सांगितलं की धूळ गेली.

"कुणी केलं हे?" सुकन्याने विचारलं.

आता कानिफनाथ सांगणार. सांगायलाच हवं, त्यांचा हक्कच होता. अर्जाचं, जीपचं, टॉर्चचं सगळं निघणार. सरांनी खाली मान घातली.

"तुझ्या आजोबानं," कानिफनाथ म्हणाले. "आमी नुसतं बघाया आल्तो."

सुकन्याने आजोबांच्या कमरेला मिठी मारली. झुंबरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. जयाबाईंनी सरांकडे पाहिलं. सर मिठीत उभे होते आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हा असं का म्हणाला?

केक कापला गेला. सरांना केकची चव लागेना. माणूस आपल्या कामाचं श्रेय आपल्याच अपमानकर्त्याला देतो, यात काहीतरी असणारच. भिंत? जागा? की कॉलनीची निवडणूक? पाहुणे पांगले, कानिफनाथ आपल्या अंगणात गेले, आणि सरांना राहवलं नाही. ते भिंतीपाशी गेले.

"कानिफनाथ, एक विचारायचं आहे. तुम्ही तसं का म्हणालात?"

"कसं?"

"मी केलं म्हणून. तुमचा उद्देश काय?"

कानिफनाथांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीवर कोपर टेकवलं. "सांगू? रागावू नका. ही पोरं लई वस्ताद असत्यात. आज लाईट बघितली. उद्या म्हनंल, पंखा बसवा. परवा म्हनंल, लिफ्ट बसवा. ज्यानं केलं म्हनून सांगू, त्याच्या मागं लागनार. मी म्हनलं, मास्तरच्या मागं लागू द्या."

सरांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की कानिफनाथच दचकले. पंधरा दिवसांत सर प्रत्येक वेळी चुकले होते. दिव्यांबाबत, छगनबाबत, अर्जाबाबत. पण इथे खरोखरच काहीतरी होतं! या माणसाने खरोखरच डाव टाकला होता! सरांना कानिफनाथांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मनापासून जिव्हाळा वाटला.

"म्हणजे मला शंका आली ती बरोबर होती," ते म्हणाले.

"शंभर टक्के."

तेवढ्यात आतून सुकन्याचा आवाज आला. "आजोबा! यांच्या स्वयंपाकघरात नळ आहे. त्याला पाणी कधी येणार?"

कानिफनाथ एकही शब्द न बोलता भिंतीखाली वाकले आणि आपल्या दाराकडे सरकू लागले. सरांनी भिंतीवरून हात लांब केला आणि त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

"आलो गं!" त्यांनी आतल्या दिशेला हाक दिली. "आम्ही दोघंही येतोय!"